नऊने सुरू होणारा आकडा

फळावर चिकटवलेल्या बारक्या कागदावर पाच आकडे असतील आणि त्यातला पहिला नऊ असेल, तर ते फळ ऑरगॅनिक. साधं केळं ४०११, ऑरगॅनिक केळं ९४०११. न्यू जर्सीतल्या एडिसनला नव्याने राहायला आलेल्या कुणाबरोबर भाजी आणायला गेले की मी आधी हे दाखवते. वरची पाटी दुकानातला माणूस लावतो, ती इकडची तिकडे होऊ शकते. आकडा मालाबरोबर येतो.

*

ऑरगॅनिकचा शिक्का काय सांगतो ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेच्या संसदेने १९९० साली सेंद्रिय अन्नाचा कायदा केला. त्याचे नियम ठरून लागू व्हायला बारा वर्षं गेली आणि २१ ऑक्टोबर २००२ पासून कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा, गोल शिक्का दुकानांत दिसू लागला. तो मिळवायचा तर पीक काढण्याआधीची तीन वर्षं त्या जमिनीवर मनाई असलेलं काहीही पडलेलं चालत नाही. डबाबंद मालावर 'ऑरगॅनिक' लिहायचं तर पाणी-मीठ सोडून ९५ टक्के घटक सेंद्रिय हवेत. ७० टक्क्यांच्या वर असतील तर 'मेड विथ ऑरगॅनिक' एवढंच लिहिता येतं, शिक्का लावता येत नाही.

हे सगळं शेत कसं केलं त्याबद्दलचं वचन आहे. हातातल्या जुडीवर आज काय आहे, त्याची तपासणी केलेली असतेच असं नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने वर्षाकाठी आपल्या यादीतल्या निदान ५ टक्के शेतकऱ्यांच्या मालाची तपासणी करावी, असा नियम आहे. बाकीचा भरवसा कागदपत्रं आणि शेतावरची भेट यांच्यावर.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही. गंधक, तांब्याचे क्षार, शेवंतीच्या जातीच्या फुलांतून काढलेलं पायरेथ्रिन, आपलं निंबोळी तेल, हे सगळं चालतं. उलट आर्सेनिक निसर्गातलं असूनही चालत नाही.

*

तासगावला मामाची द्राक्षबाग आहे. २०१० साली युरोपने आपल्याकडच्या द्राक्षांत वाढनियंत्रकाचे, सीसीसीचे, अंश सापडले म्हणून माल अडवला, तेव्हा त्या भागातल्या घराघरांतली चिंता मी फोनवर ऐकली आहे. त्यानंतर मामाच्या तोंडी 'रेसिड्यू' हा शब्द कायमचा बसला. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, कुठलं औषध फुलोऱ्यानंतर मारायचं नाही, प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय घड कापायचे नाहीत, हे त्याला पाठ आहे. त्याची बाग सेंद्रिय नाही. पण निर्यातीच्या प्लॉटमधला प्रत्येक घड तपासलेल्या बागेतला असतो.

म्हणून इथे दुकानात उभी असताना मला दोन वेगळे प्रश्न दिसतात. शेतात काय मारलं? आणि माझ्या ताटात किती आलं? सेंद्रियचा शिक्का पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर कधी कधी बिगरसेंद्रिय मालातही चांगलं असतं, आणि शिसं किंवा आर्सेनिकचा प्रश्न आला की शिक्का काहीच सांगत नाही.

*

याद्या. 'एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप' ही संस्था दर वर्षी सर्वांत जास्त अंश सापडणारी बारा फळं-भाज्या आणि सर्वांत कमी सापडणारी पंधरा अशा दोन याद्या काढते. स्ट्रॉबेरी आणि पालक पहिल्या यादीत जवळजवळ कायमचे. कांदा, अननस, अव्होकॅडो, पपई दुसऱ्या यादीत. आकडे तिचे स्वतःचे नसतात. यूएसडीए १९९१ पासून दर वर्षी हजारो नमुने तपासतं, तेच ती वापरते. हे नमुने आधी पाण्याखाली धुतात, केळं असेल तर सोलतात, मग तपासतात. म्हणजे सापडतं ते धुतल्यावर उरलेलं.

त्याच तपासणीत दर वर्षी ९९ टक्क्यांहून जास्त नमुने कायदेशीर मर्यादेच्या आत असतात. ही दोन्ही विधानं खरी आहेत, आणि लोक आपल्या स्वभावानुसार एकच लक्षात ठेवतात.

शास्त्रज्ञांचा जुना आक्षेप असा की या यादीत बरीच वर्षं किती औषधं सापडली ते मोजलं जायचं. ती किती जहाल, हे पुरेसं मोजलं जात नव्हतं. मला तो आक्षेप रास्त वाटतो. म्हणून २०२४ साली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने सरकारी तपासणीच्या सात वर्षांच्या आकड्यांवरून ५९ फळं-भाज्यांचा धोका मोजला, तो मला जास्त उपयोगी पडतो. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश गोष्टींत काळजी करण्यासारखं काही नव्हतं. काळजीच्या गोष्टी थोड्या होत्या: फरसबी, ढोबळी मिरची, ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, बटाटे, केल. फरसबीवर अ‍ॅसिफेट मारायला २०११ पासून बंदी आहे, आणि तरीही काही नमुन्यांत ते सापडत राहिलं.

केल आमच्या घरात फारशी येत नाही. फरसबी, ढोबळी मिरची आणि बटाटे मात्र दर आठवड्याला येतात. यादी वाचायची ती आपल्या स्वयंपाकघराच्या हिशेबाने.

*

आणि आपल्या स्वयंपाकघरातलं अर्धं त्या याद्यांत नसतंच. मेथी नाही, शेपू नाही, अळू नाही, गवार नाही, तोंडली नाही, कढीलिंब नाही. सरकार तपासतं ते बहुतेक अमेरिका जे खाते ते.

कोथिंबीर तेवढी तपासली गेली, आणि निकाल वाईट लागला. २००९ च्या नमुन्यांत कोथिंबिरीवर अनेक अशी कीटकनाशकं सापडली ज्यांना त्या पिकावर मंजुरीच नव्हती. याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे औषधाला मंजुरी मिळते ती पीकवार. मक्यावर, सोयाबीनवर मंजुरी घ्यायला कंपन्या पैसे खर्च करतात. कोथिंबिरीच्या चार एकरांसाठी कोण करणार? अशा छोट्या पिकांसाठी १९६३ पासून आयआर-४ नावाचा सरकारी उपक्रम चालतो, तो अनेक वर्षं आमच्या इथल्याच रटगर्स विद्यापीठातून चालायचा. तरी फट राहतेच. शेजारच्या वाफ्यातून उडून आलेलं, आधीच्या पिकाचं जमिनीत उरलेलं, किंवा सरळ नियम मोडून मारलेलं, असं काहीही त्या फटीतून येतं.

कोथिंबीर आपण शिजवत नाही, सोलत नाही, वरून पेरतो, आणि चटणी केली तर जुडीच्या जुडी पोटात जाते. म्हणून ताटापुरता विचार केला, तर माझ्या पिशवीत ऑरगॅनिकचा पहिला मान कोथिंबिरीचा. दोन जुड्यांमधला फरक थोड्या सेंटांचा असतो.

मेथीला इथे बहुधा शिक्का नसतोच. न्यू जर्सीत उन्हाळ्यात आपल्या भाज्या पिकवणारे शेतकरी आहेत, त्यांच्याकडून घ्यायची आणि विचारायचं. हिवाळ्यात कुंडीत. मेथी इतकी लवकर येते की कीड पडायला सवडच मिळत नाही.

*

भाचीला सातवा महिना. तिचा फोन: "मावशी, आता सगळंच ऑरगॅनिक आणू का गं? हे म्हणतात परवडेल कसंबसं."

तिला सांगितलं ते असं. सगळं नको. पण हे दिवस आणि बाळाची पहिली काही वर्षं, या काळात पैसे टाकायचेच असतील तर इथे टाक.

का, तर मुलांचं शरीर लहान आणि वजनाच्या मानाने खाणं जास्त. सफरचंद म्हटलं की रोज सफरचंद. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९३ साली हाच मुद्दा मांडला, आणि १९९६ च्या कायद्याने मुलांसाठी मर्यादा ठरवताना दहापट जास्त सावधगिरी धरायची तरतूद केली. पुढे सिअ‍ॅटलच्या भागातल्या २३ शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय अन्न दिलं आणि त्यांच्या लघवीची रोज तपासणी केली. तो अभ्यास २००६ साली छापून आला. मॅलाथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन औषधांच्या खुणा जवळजवळ लगेच दिसेनाशा झाल्या आणि नेहमीचं खाणं सुरू झाल्यावर परत आल्या. यातून मुलं आजारी पडत होती असं सिद्ध होत नाही. पण येतं ते खाण्यातून येतं आणि थांबवलं तर थांबतं, हे स्वच्छ दिसतं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली जे म्हटलं तेही तिला सांगितलं: फळं-भाज्या भरपूर आणि वेगवेगळ्या खा, सेंद्रिय असोत वा नसोत. महाग पडते म्हणून फळाची खरेदी निम्म्यावर आली, तर शिक्क्याचा काही उपयोग नाही.

तिने विचारलं, "मग काय काय?" पालक, कोथिंबीर, फरसबी, ढोबळी मिरची, बेरी, सफरचंद, नाशपती, द्राक्षं. कांदा, कोबी, फ्लॉवर, मटार, पपई, अननस, आंबा, रताळी साधी आण. तिने हे फ्रिजवर लिहून लावलं आहे.

*

सकसपणाचा वाद. स्टॅनफर्डच्या २०१२ च्या आढाव्याने म्हटलं, पोषणात मोठा फरक नाही, औषधांचे अंश कमी. न्यूकॅसलच्या २०१४ च्या आढाव्याने म्हटलं, अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम कमी. फ्रान्समधल्या सुमारे ६९,००० लोकांच्या २०१८ च्या पाहणीत सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसला. ब्रिटनमधल्या त्याहून कितीतरी मोठ्या, फक्त बायकांच्या, २०१४ च्या पाहणीत तसा एकंदर फरक दिसला नाही. सेंद्रिय विकत घेणारी माणसं व्यायामही जास्त करतात, सिगारेटही कमी ओढतात. ते वेगळं काढणं सोपं नाही. जीवनसत्त्वांसाठी मी जास्त पैसे देत नाही.

*

भात.

ऑरगॅनिक तांदूळ घेतला म्हणजे निर्धास्त, असं समजणारी फार माणसं भेटतात. तांदळातला खरा प्रश्न आर्सेनिकचा आहे, आणि तो जमिनीतून, पाण्यातून येतो. पाणी साचलेल्या खाचरात भाताची मुळं आर्सेनिक फार सहज ओढतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जिथे आज भात होतो, तिथल्या काही जमिनींवर पूर्वी कापूस होता आणि कापसावर आर्सेनिकची औषधं मारलेली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०१२ आणि २०१४ मध्ये तपासलं, तेव्हा सेंद्रिय आणि साध्या तांदळात आर्सेनिकचा फरक दिसला नाही. फरक दिसला तो मुलखाचा: भारत, पाकिस्तान आणि कॅलिफोर्नियाच्या पांढऱ्या बासमतीत इतर बहुतेक तांदळांच्या निम्म्याच्या आसपास. ब्राउन राइसमध्ये जास्त, कारण कोंड्यात साठतं.

आणि शिजवण्याची रीत. सहा ते दहा पट पाण्यात भात शिजवून पाणी काढून टाकलं तर विषारी आर्सेनिकचा ४० ते ६० टक्के भाग निघून जातो, असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन सांगतं. कोकणातल्या माझ्या सासूबाई भात वेळून पेज काढायच्या. कुकर आला आणि ते गेलं. मी पुन्हा पातेल्यात भात टाकू लागले आहे. पेज मात्र इथे लहान मुलांना देत नाही.

*

हळद आणि मसाले. इथे शिक्का एक काम चोख करतो आणि दुसरं मुळीच करत नाही.

करतो ते असं: अमेरिकेत सुक्या मसाल्यांना जंतू मारण्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी द्यायला परवानगी आहे. युरोपात नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही नामवंत भारतीय मसाले याच कारणाने अडवले, तेव्हा इथल्या आमच्या गटांत फार गदारोळ झाला. पण इथल्या देशी-विदेशी मसाल्यांवर ही धुरी कायद्यानेच चालते, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. सेंद्रिय मसाल्याला ही धुरीही चालत नाही आणि किरणांचा माराही चालत नाही. तो बहुधा वाफेवर निर्जंतुक करतात. ज्याला धुरी नको, त्याने मसाला ऑरगॅनिक घ्यावा.

करत नाही ते शिशाचं. २०१६ मध्ये अमेरिकेत हळदीचे एकामागून एक डबे शिशामुळे परत मागवले गेले. बांगलादेशातल्या हळदीवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं मूळ सापडलं: हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा रंग, आणि तोही हळकुंडं घासून पॉलिश करतानाच लावलेला. त्यामुळे "मी तर अख्खी हळकुंडं आणून दळते" या समाधानालाही अर्थ उरत नाही. २०२१ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने १२६ मसाले तपासले. सुमारे एक तृतीयांशांत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम मिळून काळजी करण्याइतकं होतं, आणि सेंद्रिय असण्याने काही बदललं नाही.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने दहा वर्षांच्या तपासण्यांतून काढलेला निष्कर्ष आपल्या लोकांना जड जाईल: घरच्यांनी परदेशातून बॅगेतून आणलेल्या मसाल्यांत इथे विकत घेतलेल्यांपेक्षा शिसं जास्त. आईच्या हातचा गोडा मसाला मी सोडणार नाही. पण त्यात पडणारी हळद आणि तिखट कुठल्या गिरणीतलं, कुणाच्या शेतातलं, हे आता विचारते, आणि आईलाही ते पटलं आहे. सांगलीची असल्याने तिला शेतकऱ्यापर्यंत पोचता येतं. ज्यांना पोचता येत नाही त्यांनी धातूंची तपासणी करून अहवाल दाखवणाऱ्या कंपनीची हळद घ्यावी, मग तिच्यावर शिक्का असो की नसो.

*

हापूस. १९८९ पासून अठरा वर्षं भारतीय आंब्याला अमेरिकेत बंदी होती. २००७ साली ती उठली ती एका अटीवर: फळमाशी आणि कोयीतला भुंगा मरावा म्हणून आंब्यावर गॅमा किरणांचा मारा व्हायला हवा. पहिली पेटी आली ती नाशिकजवळच्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून, जे खरं तर कांद्यासाठी उभं केलेलं. आता वाशीतूनही येतात.

अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत असा किरणांचा मारा निषिद्ध आहे. म्हणजे देवगडच्या एखाद्या बागाईतदाराने झाडाला शेणखताखेरीज काही घातलं नसेल, तरी त्याचा आंबा इथे उतरताना सेंद्रिय म्हणवून घेऊ शकत नाही. मेक्सिकोचा आंबा ४६ अंशांच्या गरम पाण्यात बुडवून येतो, म्हणून तो शिक्का मिरवतो. किरणांनी आंबा किरणोत्सारी होत नाही, आंब्यात औषधांचे अंशही कमी सापडतात, आणि साल आपण खात नाही. मे महिन्यात पेटी आली की मी शिक्का शोधत नाही.

*

केळं. सोलून खायचं, त्यामुळे खाणाऱ्याला धोका अगदी कमी. तरीही मी केळी ऑरगॅनिकच घेते, आणि हे कारण वेगळं आहे.

मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत १९७० च्या दशकात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक वापरत. कोस्टा रिका, निकाराग्वातल्या हजारो मजुरांना त्याने वंध्यत्व आलं. ते औषध गेलं. पण बुरशीसाठी विमानाने फवारणी आजही होते, आणि खाली वस्त्या असतात. पौंडामागे थोडे जास्त सेंट देऊन ते सगळं थांबत नाही. पण ज्या मळ्यात ते होत नाही, त्याचं केळं निवडायची सोय आहे.

*

यवतमाळ, २०१७. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, दमट हवा, बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधं एकत्र करून फवारलेली. तोंडाला रुमाल, अंगात रोजचे कपडे. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. कापूस कुणी खात नाही. खाणाऱ्याच्या ताटापुरता विचार केला तर यवतमाळ कुठल्याच यादीत येणार नाही.

कॅलिफोर्नियातलं सलिनास खोरं हे अमेरिकेच्या सॅलडचं कोठार. तिथे बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी १९९९ पासून शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. त्याचं नाव चामाकोस, मेक्सिकन बोलीत चिल्लीपिल्ली. २०११ साली त्यांनी सांगितलं की गरोदरपणात ज्या बायकांच्या अंगात ऑरगॅनोफॉस्फेट औषधांच्या खुणा सर्वांत जास्त होत्या, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यांक, सर्वांत कमी खुणा असलेल्या गटाच्या तुलनेत सरासरी सात गुणांनी कमी होता.

माझ्या ताटातला अंश मर्यादेत आहे, हे मी मान्य करते. तो अंश जिथून निघाला तिथे, वाऱ्याच्या तोंडाशी, ती बाई उभी होती. मला शिक्क्याचं सर्वांत मोठं मोल इथे वाटतं, आणि पैसे थोडे असतील तेव्हा हे मी कशाच्याही आधी धरते: ज्या पिकाच्या फवारणीत माणसं सर्वांत जास्त सापडतात, ते पीक आधी बदलायचं.

*

म्हणून स्ट्रॉबेरी. ती लावण्याआधी जमिनीला प्लास्टिक अंथरून मिथाइल ब्रोमाइड वायू सोडत. ओझोनच्या थराला भोक पाडणारा म्हणून २००५ पासून त्यावर बंदी, पण कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीसाठी सवलत वाढत वाढत २०१६ पर्यंत गेली. "याशिवाय पीक येणारच नाही" असं सगळे म्हणत असताना सांताक्रूझच्या उत्तरेला जिम कॉकरन यांनी तिथली पहिली प्रमाणित सेंद्रिय स्ट्रॉबेरी काढली, १९८७ साली, ब्रोकोलीबरोबर पीक फिरवून. १९९८ मध्ये त्यांनी सेझर चावेझ यांनी उभारलेल्या शेतमजूर संघटनेशी करार केला. सेंद्रिय शेतमालकाने असा करार केल्याचं ते देशातलं पहिलं उदाहरण.

मजुरांशी करार, हे दुसरं फार जणांना सुचत नाही. मजुराला काय मिळतं याबद्दल सरकारी शिक्का अवाक्षर काढत नाही.

*

दूध. सेंद्रिय गाईला वर्षात निदान १२० दिवस कुरणात चरायला हवं आणि त्या काळात तिच्या खाण्यातला ३० टक्के भाग चरण्यातून यायला हवा, हा २०१० चा नियम. प्रतिजैविक दिलं की ती गाय कळपातून बाहेर. दुकानातलं ऑरगॅनिक दूध मात्र बहुतेक १३८ अंशांवर तापवलेलं असतं, लांबचा प्रवास सोसावा म्हणून. त्याचं पनीर भुसभुशीत होतं, आणि एकजीव केलेल्या दुधाला साय धरत नाही ती नाहीच. जवळच्या डेअरीचं काचेच्या बाटलीतलं, वर मलई येणारं दूध मिळत असेल तर ते शिक्क्याविनाही मला पसंत. कढवायला लोणी मात्र ऑरगॅनिक.

*

डाळी, कणीक, ओट्स. कॅनडा, मोंटाना, नॉर्थ डकोटा इथे थंडी लवकर येते. पीक एकसारखं वाळावं म्हणून काढणीआधी त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारण्याची रीत आहे: मसूर, हरभरा, ओट्स, काही ठिकाणी गहू. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ते मानत नाही. देशी दुकानातली कणकेची पिशवी उलटून पाहा, बऱ्याचदा कॅनडाचा गहू असतो. आपण पोळी आणि आमटी रोज खातो, चाळीस वर्षं खातो. दाण्यावर शेवटच्या आठवड्यात मारलेलं मला नको. तेव्हा मसूर, चणे आणि कणीक ऑरगॅनिक. तूर बहुतेक भारत, म्यानमार किंवा आफ्रिकेतून येते, तिचं गणित वेगळं.

मोंटानातले डेव्हिड ओईन आणि त्यांचे तीन शेतकरी मित्र यांनी १९८७ मध्ये 'टाइमलेस' नावाने सेंद्रिय कडधान्याचा धंदा सुरू केला. चहूकडे गहू, आणि यांनी जमिनीला नत्र मिळावं म्हणून मसूर पेरला. त्यांच्या काळ्या मसुराची उसळ ओल्या खोबऱ्याबरोबर फार छान होते.

*

सेंद्रिय शेतीचं हे सगळं अमेरिकेतून आलं, असं आपल्याकडे समजतात. पेनसिल्व्हेनियातल्या जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं आणि इथे तो शब्द घरोघर गेला. त्यांना हे सुचलं अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रजाचं लिखाण वाचून. हॉवर्ड शिकले ते इंदूरला. १९२४ ते १९३१ होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवरच्या संस्थेत त्यांनी शेण, काडीकचरा आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थरांनी रचून खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. १९३१ साली त्या पद्धतीवरचं पुस्तक आलं, त्यावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड तिथे रसायनाचं काम पाहत. हॉवर्ड यांना 'सर' मिळालं आणि सगळीकडे त्यांचंच नाव चालतं. वाड यांच्याबद्दल इंदूरच्या किंवा पुण्याच्या कुणी अभ्यासकाने शोधून लिहावं असं मला फार वाटतं.

*

फसवणूक होते. मिसुरीच्या रँडी कॉन्स्टंट यांनी २०१० ते २०१७ या काळात साधं मका-सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकलं, निदान १४ कोटी डॉलरचं. २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. भारतातल्या प्रमाणपत्रांना असलेली मान्यता अमेरिकेने २०२१ च्या जानेवारीत काढून घेतली, आणि जुलै २०२२ नंतर भारतीय सेंद्रिय मालालाही यूएसडीएने मान्य केलेल्या संस्थेचाच कागद लागतो. १९ मार्च २०२४ पासून प्रत्येक आयात खेपेला वेगळं प्रमाणपत्र. हे कडक झालं ते बरं झालं. प्रामाणिक शेतकऱ्याचं नुकसान बनावट मालाने सर्वांत जास्त होतं.

*

'नॅचरल', 'फार्म फ्रेश': सोडून द्यावं. कोंबडीवर 'हार्मोन्स नाहीत' लिहिलेलं असतं. कोंबड्यांना ते द्यायला देशभर आधीच मनाई आहे.

*

धुणं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदं खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवली, तेव्हा सालीवरची दोन औषधं जवळजवळ गेली; सालीत मुरलेला भाग राहिला. लिटरभर पाण्याला दोन चमचे सोडा. महागड्या 'फ्रूट वॉश'ची गरज नाही.

*

रटगर्सला शिकणारी मुलं विचारतात, "काकू, आम्हाला कुठे परवडतंय?" त्यांना मी सांगते: गोठवलेला ऑरगॅनिक पालक आणि बेरी मोठ्या पिशवीत घ्या, ताज्यापेक्षा स्वस्त पडतात. कोथिंबीर आणि केळी ऑरगॅनिक घ्या. बाकी सगळं साधं आणा, सोड्यात बुडवा, आणि रोज दोन भाज्या करा. इन्स्टंट नूडल्स खाऊन ऑरगॅनिकची चिंता करू नका.

*

या वर्षी एका छोट्या शेतकऱ्याचा हंगामाचा वाटा घेतला आहे. पैसे आधी भरायचे, मग जूनपासून दर आठवड्याला पेटी. अमेरिकेत ही पद्धत १९८६ ला मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमध्ये सुरू झाली. त्याच्याकडे शिक्का नाही. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागद त्याला झेपत नाहीत, असं त्याने सरळ सांगितलं. मग मी विचारत गेले: टोमॅटोवर करपा आला तर काय मारतोस? तण कसं काढतोस? मजूर कोण, त्यांना तासाला काय देतोस? त्याने उत्तरं दिली आणि शेत दाखवलं, फवारणीची वहीसुद्धा. वहीत तांब्याचं एक औषध होतं, पावसाळी आठवड्यातलं. मला ते चाललं.

मेथी त्याने कधी लावलेली नव्हती. बी मी दिलं आहे; अर्धी ओळ लावून पाहतो म्हणाला, आणि कोवळी असतानाच उपटायची हे त्याला दोनदा समजावलं आहे.